क्लोरीनचं काम नाल्याआधीच संपावं

एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याच्या पुलावरून मोर्णेत डोकावलं, तर पात्रात पाणी दिसतं. अमरावतीच्या अंबानाल्यातही दिसतं. पाऊस थांबून सहा-सात महिने झालेले असतात, वरचे झरे आटलेले असतात, तरीही हे पाणी वाहतं, कारण ते आभाळातून आलेलं नसतं. ते न्हाण्या, मोऱ्या, संडास, दवाखाने, हॉटेलं आणि बाजारपेठेतून आलेलं असतं. मोर्णा ते पूर्णेला नेऊन देते, अंबानाल्याचं पाणी पेढीच्या वाटेनं पूर्णेकडेच जातं आणि पूर्णा पुढे चांगदेवला तापीत मिसळते. पावसाळा सरला की वऱ्हाडातल्या शहरांखालच्या नद्यांत जे वाहतं, ते मुख्यतः त्या शहरांचं सांडपाणी असतं.

हे सांडपाणी शुद्ध करूनच सोडायला हवं, याबद्दल आता दुमत नाही. अमरावतीचं लालखडी, अकोल्याचं शिलोडा ही नावं मलशुद्धीकरण प्रकल्पांच्या बातम्यांतून ओळखीची झाली आहेत. शुद्धीकरणाच्या अगदी शेवटी, पाणी बाहेर सोडण्याआधी, त्यातले रोगजंतू मारावे लागतात आणि आपल्या देशात त्यासाठी बहुतेक ठिकाणी क्लोरीनच वापरलं जातं. जंतू मारून झाल्यावर जे क्लोरीन उरतं त्याचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते पाण्याबरोबर नदीत जातं. पिण्याच्या पाण्यात जे थोडं उरायलाच हवं, ते नदीत सोडायच्या पाण्यात उरता कामा नये. आणि ज्या नद्यांना उन्हाळ्यात स्वतःचं पाणीच नाही, त्यांच्यासाठी हा नियम इतरांहून कडक हवा.

आधी क्लोरीनचे उपकार

क्लोरीनला दोष देण्याआधी त्याचं ऋण मान्य केलं पाहिजे. आपल्या खेड्यांत त्याची ओळख ‘टीसीएल’ म्हणून आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीतलं पोतं, बादलीत कालवलेली पांढरी पावडर, गाळ खाली बसल्यावर वरची निवळी तेवढी टाकीत किंवा विहिरीत ओतणारा जलसुरक्षक आणि मग नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे पाहणारी ओटी टेस्ट, हे चित्र वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात दिसेल. नव्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. उष्णतेनं आणि दमटपणानं ते उडत जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलं की पावडर वापरण्याजोगी राहत नाही. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतलं पोतं लवकर उतरणारच. पावडर उतरली की मात्रेचा अंदाज चुकतो. कधी कमी पडते, कधी भीतीपोटी जास्त टाकली जाते.

मात्रा कमी पडली, किंवा मुळीच पडली नाही, तर काय होतं हे अमरावती जिल्ह्यानं भोगलं आहे. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यानं कॉलऱ्याची साथ पसरली. शेकडो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असावं, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. वाटेत एखाद्या फुटक्या पाइपातून घाण शिरली, तर तिच्याशी लढायला काही शिल्लक असावं, एवढ्यासाठीच हा नियम आहे.

गंमत अशी की ही टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, जन्मली ती पाण्यासाठी नव्हे, कापडासाठी. १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी तिचं पेटंट घेतलं, ते सुती कापड झटपट पांढरं करण्यासाठी. तिचा जंतुनाशक गुण नंतर उमगला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं शहराच्या पाणीपुरवठ्यात रोजच्या रोज क्लोरीन टाकायला सुरुवात केली. तिथून पुढे कॉलरा आणि विषमज्वर मागे हटवण्यात या एका पदार्थाचा वाटा फार मोठा आहे.

तेच पाणी माशाला विष का?

आपण ०.५ मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी पितो आणि ठणठणीत राहतो. मग मासा त्याच्याहून कितीतरी कमी क्लोरीनमध्ये का मरतो? उत्तर शरीराच्या रचनेत आहे. आपण प्यायलेल्या पाण्यातलं क्लोरीन लाळेत आणि पोटातल्या अन्नात लागलीच खर्ची पडतं, रक्तापर्यंत पोहोचतच नाही. माशाचं तसं नाही. त्याच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो आणि त्यावरून रात्रंदिवस पाणी वाहत असतं. मुक्त क्लोरीन तो पडदा जाळतं. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक असतं; म्हणून ते नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवतात किंवा त्यात क्लोरीन संपवणारं ‘हायपो’ टाकतात.

सांडपाण्यात गोष्ट आणखी बिघडते. मलमूत्रामुळे त्यात अमोनिया भरपूर असतो. क्लोरीन पाण्यात पडताच अमोनियाशी संयोग पावतं आणि क्लोरामाइन तयार होतं. क्लोरामाइन जंतूंवर संथपणे काम करतं, पण टिकतं मात्र खूप. उन्हानं, वाऱ्यानं मुक्त क्लोरीन लवकर निघून जातं. क्लोरामाइन तसं जात नाही. ते कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूप करून टाकतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

मासा निदान दिसतो. मेलेली मरळ काठाला लागली तर चार माणसं विचारतात. पण क्लोरीनला सर्वांत आधी बळी पडतात ते जलपिसू, झिंग्यांची पिल्लं आणि पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या. या जीवांवरच माशांची पिल्लं जगतात. त्याहून बारीक असलेले जिवाणू सांडपाण्यातला उरलासुरला मळ खाऊन नदी स्वच्छ करत असतात. नदीच्या स्वतःला शुद्ध करण्याच्या शक्तीबद्दल आपण बोलतो, ती शक्ती या जिवाणूंचीच आहे. मलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडापासून काही अंतरापर्यंत त्यांनाच मारत राहिलो, तर पाणी शुद्ध करण्याचं पुढचं काम करणार कोण?

आणखी एक परिणाम सावकाश होणारा आहे. पाण्यातल्या सेंद्रिय मळाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत हे दाखवून दिलं आणि जगभरच्या पाणीपुरवठा खात्यांना आपल्या पद्धती तपासाव्या लागल्या. मळ जितका जास्त, तितका अशा संयुगांना वाव जास्त. सांडपाणी नीट शुद्ध न करता नुसतं वरून क्लोरीन ओतणं म्हणूनच सर्वांत वाईट.

परीक्षानळीत काय दिसतं?

उरलेलं क्लोरीन मोजण्याची आजची रुळलेली पद्धत म्हणजे डीपीडी चाचणी. परीक्षानळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं, पहिल्या क्रमांकाची गोळी टाकून विरघळू द्यायची. मुक्त क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं क्लोरीन, तितका रंग गडद. शेजारच्या रंगपट्टीशी तो जुळवून आकडा वाचायचा. नळाच्या पाण्यासाठी एवढं पुरतं.

सांडपाण्याच्या बाबतीत खरी परीक्षा यानंतर सुरू होते. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात पहिली गोळी टाकली, तर रंग पुष्कळदा अगदी फिका येतो. काम करणारा समाधानानं शून्याच्या जवळचा आकडा वहीत लिहितो. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकून दोन मिनिटं थांबलं, की फिकं गुलाबी पाणी हळूहळू गडद होत जातं. हा नंतर चढलेला रंग क्लोरामाइनचा. पहिल्या गोळीला ते दिसतच नाही, आणि माशाला मारतं ते बहुतेक वेळा तेच. सांडपाण्यासाठी मुक्त क्लोरीन नव्हे, एकूण उरलेलं क्लोरीन मोजायचं, हा या विषयातला पहिला धडा आहे.

दुसरी अडचण पट्टीची आहे. हातातल्या साध्या संचावर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खालचं डोळ्यांना धड वाचता येत नाही. जलचरांना धोका मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरू होतो. तेवढं बारीक मोजायचं तर प्रयोगशाळेतली विद्युत पद्धत किंवा प्रवाहातच बसवलेलं मापकयंत्र लागतं.

नियम काय सांगतो?

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ सालचा. त्यानुसार कारखाना असो की महापालिका, सांडपाणी सोडण्यासाठी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं आणि कोणता घटक किती असावा हे त्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. आपल्या भागाचं काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अमरावतीचं प्रादेशिक कार्यालय पाहतं. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी एकूण उरलेल्या क्लोरीनची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. औष्णिक वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या थंडाव्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन ०.५ मिलिग्रॅमच्या आत हवं. पाइपांत शेवाळ आणि बुरशी धरू नये म्हणून त्या पाण्यात क्लोरीन टाकतात, त्यामुळे ही अट पारससारख्या केंद्राला महत्त्वाची ठरते.

याच सर्वसाधारण मानकांत एक फार शहाणी चाचणीही आहे. सोडायचं सांडपाणी काहीही न मिसळता घ्यायचं, त्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनंतर १०० पैकी ९० मासे जिवंत असले पाहिजेत. आकडे सोयीनं लिहिता येतात, माशाचं जगणं-मरणं लिहिता येत नाही.

मग अडतं कुठे? मलशुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वतंत्र मानकं काढली. त्यांत चारच बाबी आहेत: सामू, जैविक प्राणवायू मागणी (बीओडी), तरंगणारे घन कण आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू. जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १,००० पेक्षा कमी. जंतूंचा आकडा गाठण्याची सक्ती योग्यच आहे, पण त्यासोबत उरलेल्या क्लोरीनचा आकडा त्या यादीत नाही. परिणामी केंद्र चालवणाऱ्याला जंतू जास्त उरण्याची भीती असते, क्लोरीन जास्त होण्याची नसते. अशा वेळी माणूस नेहमी हात सैल सोडतो.

दवाखान्यांचंही असंच आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जंतुसंसर्गाचा द्रव कचरा १ ते २ टक्के हायपोक्लोराइटनं निर्जंतुक करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तडाखा राज्यात आधी अमरावती-अकोल्याला बसला, तेव्हा हे रसायन किती वापरलं गेलं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. १ टक्का म्हणजे लिटरमागे १० हजार मिलिग्रॅम. दहा लिटरची एक बादली गटारात ओतली, तर ती १ मिलिग्रॅमवर आणायला १ लाख लिटर पाणी लागेल. गटारातला मळ त्यातलं बरंच क्लोरीन वाटेतच संपवतो हे खरं, पण शेजारीच नाला असलेल्या छोट्या रुग्णालयाला त्या भरवशावर राहता येत नाही.

कोरड्या नदीचा हिशेब

१ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे इतर देशांच्या आकड्यांशेजारी ठेवलं की कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी नदीतली मर्यादा ठरवली आहे: चार दिवसांच्या सरासरीनं लिटरमागे ०.०११ मिलिग्रॅम, आणि एका तासाच्या सरासरीनं ०.०१९. कॅनडानं २०१२ च्या नियमांत केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाच ०.०२ ची मर्यादा घातली. आपला आकडा पाइपाच्या तोंडाशी मोजायचा, अमेरिकेचा नदीत. त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करणं बरोबर नाही. पाइपातून बाहेर पडलेलं पाणी नदीच्या भरपूर पाण्यात मिसळून विरळ होईल, हे आपल्या आकड्यामागचं गृहीत आहे.

वऱ्हाडात ते गृहीत पाऊस गेल्यावर टिकत नाही. समजा, एका शहराचं केंद्र रोज ३ कोटी लिटर पाणी सोडतं आणि त्यात नियमाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन आहे. म्हणजे रोज ३० किलो क्लोरीन नदीत जातं. ते ०.०११ पर्यंत विरळ करायचं तर सांडपाण्याच्या ९० पट स्वच्छ पाणी लागेल: रोज २७० कोटी लिटर, म्हणजेच २.७ दशलक्ष घनमीटर (दलघमी). अकोल्याची तहान भागवणाऱ्या काटेपूर्णा प्रकल्पाचा उपयुक्त साठा ८६.३५ दलघमी आहे. तुडुंब भरलेलं काटेपूर्णा धरण नुसतं क्लोरीन विरळ करण्यासाठी सोडलं, तरी ते जेमतेम महिनाभर पुरेल. नियम अक्षरशः पाळूनही उन्हाळ्यातली मोर्णा जलचरांसाठी सुरक्षित राहत नाही, असा याचा अर्थ होतो.

पुढच्या गावांचाही विचार हवा. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. तिथल्या भूजलात मीठ असल्यानं गोड पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा. म्हणून तर वान धरणावरून ८४ खेडी योजनेसारख्या योजना कराव्या लागल्या. अशा मुलखात नदीचं पाणी काठच्या विहिरींत झिरपतं, गुरं त्यावर येतात, भाजीचे वाफे त्यावर भिजतात, भोई बांधव त्यात जाळं टाकतात. याच पेढीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. आपली घाण आपण साफ करायची, ती पुढच्या गावावर ढकलायची नाही, हे त्यांनी हाती खराटा घेऊन शिकवलं. शहरांनाही तोच न्याय लागू आहे.

उतारा स्वस्त आहे

या प्रश्नाचा उतारा जुना, माहितीतला आणि फारसा महाग नाही. क्लोरीन मिसळल्यावर पाणी साधारण अर्धा तास संपर्क टाकीत फिरवतात, तेवढ्या वेळात जंतू मरतात. टाकीच्या तोंडाशी, पाणी बाहेर पडता पडता, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळलं की मुक्त क्लोरीनही आणि क्लोरामाइनही क्षणार्धात संपतं. भाजी चिरून झाली की आपण विळी मिटून ठेवतो, उघडी सोडत नाही, तसंच हे. वरच्या उदाहरणातल्या ३० किलो क्लोरीनला सिद्धांतानं ४० किलो मेटाबायसल्फाइट लागतं. थोडं जास्त धरलं तरी ३ कोटी लिटरसाठी दिवसाला ५० किलोचं एक पोतं पुरतं. क्लोरीनचे टनर, क्लोरिनेटर आणि टाक्या उभारणाऱ्या प्रकल्पाला एक पोतं जड नाही.

इथेही मात्रा महत्त्वाची. मेटाबायसल्फाइट जास्त पडलं तर ते पाण्यातला प्राणवायू खातं आणि पाणी आम्लाकडे झुकतं. म्हणून आधी क्लोरीन मोजायचं, मग उतारा टाकायचा, मग पुन्हा मोजायचं.

या उताऱ्यानं क्लोरीनचं क्लोराइड होतं, आणि खारपाणपट्ट्यातला शेतकरी क्लोराइड म्हटलं की दचकतो. तिथलं खारेपण सोडियम क्लोराइडचंच आहे. पण घाबरण्याचं कारण नाही. १ मिलिग्रॅम क्लोरीनपासून साधारण १ मिलिग्रॅमच क्लोराइड होतं, आणि पिण्याच्या पाण्यातही लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड स्वीकारार्ह मानलं जातं.

क्लोरीन न वापरण्याचे मार्गही आहेत. अतिनील किरणांनी जंतू मरतात आणि पाण्यात काहीच उरत नाही, मात्र त्यासाठी पाणी नितळ हवं आणि वीज अखंड हवी. जमीन असेल तिथे उथळ तळ्यांत पाणी काही दिवस ठेवून उन्हानंच जंतू मारता येतात, आणि ऊन तर वऱ्हाडात हवं तेवढं आहे. नांदगावपेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभं राहत आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं भूमिपूजन झालं. तिथे कापड पांढरं करायला हायपोक्लोराइटऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं, तर ते विघटून पाणी आणि प्राणवायूच उरतो. पार्क पूर्ण उभं राहण्याआधी ही अट घालणं सोपं, नंतर अवघड.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे हे पाणी उन्हाळ्यात नदीत न सोडता पुन्हा वापरणं. २०१६ च्या केंद्रीय वीज दर धोरणानुसार ५० किलोमीटरच्या आत मलशुद्धीकरण केंद्र असेल, तर औष्णिक केंद्रानं त्याचं शुद्ध पाणी वापरायला हवं. नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीला जातंच. पारस अकोल्यापासून त्या अंतराच्या खूप आत आहे. तिथल्या पाइपांना क्लोरीन हवंच असतं. जे नदीला विष, ते तिथे उपयोगाचं.

मागणी काय करायची?

१३ जानेवारी २०१८ रोजी हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले आणि त्यांनी हातांनी जलकुंभी बाहेर काढली. देशभर त्याची दखल घेतली गेली. डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीसाठी जे लोक चिखलात उतरू शकतात, ते न दिसणाऱ्या घाणीसाठी चार नेमके प्रश्न नक्कीच विचारू शकतात. आपल्या शहराच्या केंद्राच्या संमतीपत्रात एकूण उरलेल्या क्लोरीनची मर्यादा लिहिली आहे का? ते रोज मोजलं जातं का, आणि मोजताना तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकतात का? टाकीच्या तोंडाशी क्लोरीन उतरवण्याची सोय आहे का? माशांची ९६ तासांची चाचणी शेवटची कधी झाली?

मंडळाच्या हातात संमतीपत्राच्या अटी आहेत. नदीत नैसर्गिक प्रवाह नसेल त्या महिन्यांत, म्हणजे साधारण जानेवारी ते जून, क्लोरीनची मर्यादा १ मिलिग्रॅमऐवजी यंत्रानं मोजता येईल इतकी खाली आणावी आणि ते उतरवणं सक्तीचं करावं. जंतू मारण्यात काडीचीही कसूर नको. पाचडोंगरीच्या घरांनी ती किंमत मोजली आहे. पण जंतू मारण्याची जबाबदारी जशी शहराची, तशीच मारणाऱ्या औषधाला नदीपर्यंत न पोहोचू देण्याचीही. दिवसाला एक पोतं आणि रोजच्या रोज केलेली प्रामाणिक नोंद, एवढ्या खर्चात ही जबाबदारी पार पडते. अमरावती आणि अकोल्याच्या महापालिकांनी ती तरतूद येत्या अंदाजपत्रकातच करावी.